कर्तेपण कोणाच्या माथी?

गेल्या वद्य एकादशीची गोष्ट. कीर्तन आटोपले, आरती झाली, बुक्का लावून मंडळी पांगली. आमच्या दिंडीतला एक तरुण टाळकरी मात्र खांबाला टेकून तसाच बसून राहिला. हा मुलगा तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत कर्जविभागात कामाला आहे. गळ्यातला टाळ त्याने काढला नव्हता आणि तोंडाने काही बोलेना. मी म्हटले, "का रे बाबा, घरी सारे ठीक ना?" तेव्हा म्हणाला, "महाराज, एक विचारायचं होतं. पाप यंत्राला लागतं का?"

मला प्रथम हसू आले. मग त्याने हकीकत सांगितली आणि ते हसू मावळले.

त्यांच्या पतसंस्थेत वर्षभरापासून अशी रीत झाली आहे की, कर्जाचा अर्ज आला म्हणजे त्यातील सारी माहिती संगणकात भरायची. संगणक अर्जदाराला गुण देतो आणि पुढे हिरवी, पिवळी किंवा तांबडी खूण उमटवतो. हिरवी आली की मंजूर, तांबडी आली की नामंजूर. पिवळी आली तरच माणसाने त्यात डोके घालायचे. जवळच्या एका वाडीतील विधवा बाई मसाला कांडपाची गिरणी घालण्यासाठी साठ हजार रुपये मागायला आली होती. तिच्या अर्जापुढे तांबडी खूण आली. ह्याने शिक्का मारला आणि सांगितले, "मावशी, मशीन नाही म्हणतंय." बाई रडली नाही, भांडली नाही. पिशवीत कागद घातले आणि निघाली. दारात मात्र थांबली आणि म्हणाली, "मशीन नाही म्हणतंय ते कळलं. तू काय म्हणतोस?"

ह्याला उत्तर देता आले नाही, कारण ह्याला सगळे ठाऊक होते. नवऱ्याच्या दुखण्यात थकलेले कर्ज ह्याच बाईने बचत गटातून उचल घेऊन, लोकांच्या रानात खुरपून, दोन वर्षांत फेडले होते. रोख रक्कम ह्याच्याच हातात आणून दिली होती. यंत्राच्या वहीत कर्ज थकल्याची नोंद होती, ते कोणत्या हालांतून फिटले ह्याची नव्हती.

"आता पाप मला लागलं, का यंत्राला, का ते आणणाऱ्या संचालकांना?" असा त्याचा प्रश्न. त्या रात्री मी जे बोललो ते अपुरे होते. त्यानंतर पंधरा दिवस मनात घोळवून जे सुचले ते येथे लिहितो, कारण हा प्रश्न आता त्या एकट्याचा राहिलेला नाही.

आधी हे यंत्र म्हणजे काय ते थोडे पाहिले पाहिजे. आपल्या मंडळींत एक तर त्याची भीती आहे, नाही तर भक्ती आहे, आणि ओळख मात्र कोणालाच नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता हे नाव १९५६ साली अमेरिकेत डार्टमथ येथे जमलेल्या विद्वानांच्या मेळाव्यापासून रूढ झाले. सामान्य माणसाच्या खिशात ती आली ३० नोव्हेंबर २०२२ नंतर, चॅटजीपीटी नावाचे बोलके यंत्र लोकांना खुले झाले तेव्हा. त्यात कोणी भूत बसलेले नाही. माणसांनीच लिहिलेले अफाट लिखाण त्याच्याकडून घोटवून घेतलेले असते. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ते त्यातून शिकते आणि त्या संभवावरून एकेक शब्द पुढे मांडीत जाते. मग माणसे बसून त्याला वळण लावतात, असे बोल, तसे बोलू नको. पतसंस्थेतले गुण देणारे यंत्र ह्याच घराण्यातले. मागे कर्ज घेतलेल्या माणसांत कोण तरले, कोण बुडाले ते पाहून, नवा अर्जदार त्यांपैकी कोणासारखा दिसतो एवढे ते सांगते. "दिसतो" हा शब्द ध्यानात ठेवावा. ती बाई कोण आहे हे यंत्राला कळत नाही, ती कोणासारखी आहे एवढेच कळते.

येथे एक गृहस्थ मला म्हणाले, "महाराज, ह्यात नवल ते काय? पैठणास माउलींनी रेड्यामुखी वेद वदविले. यंत्र बोलले तर ते तरी तसेच समजावे." उपमा मोठी गोड आहे, म्हणून ती टाकून देववत नाही. पण ती शेवटपर्यंत न्यावी. रेडा बोलला तेव्हा पैठणच्या ब्रह्मवृंदाने कोणाचा अधिकार मानला? रेड्याचा नव्हे. त्याच्या मस्तकावर ज्याचा हात होता त्याचा. दुसऱ्या दिवसापासून धर्मनिर्णय विचारायला लोक रेड्याच्या गोठ्यापुढे रांग लावून उभे राहिले, असे कोणत्याही चरित्रात नाही. जुन्नर तालुक्यात आळ्याला त्याची समाधी आहे, तेथे आपण आजही माथा टेकवतो, पण घरातला तंटा सोडवायला कोणी तेथे जात नाही. तेव्हा यंत्र बोलते त्या वेळी आपणही हेच विचारावे की ह्याच्या मस्तकावर हात कोणाचा? त्या पतसंस्थेत एक हात यंत्र विकणाऱ्या कंपनीचा होता, दुसरा ते विकत घेणाऱ्या संचालकांचा, आणि शेवटचा, शिक्का धरलेला, आमच्या टाळकऱ्याचा.

हे मी त्याला सांगितले तेव्हा त्याने जे विचारले त्याने मी खरोखर अडलो. म्हणाला, "महाराज, तुम्हीच कीर्तनात सांगता ना, मी कर्ता नाही म्हण. सारं देवावर सोड, आपण निमित्तमात्र. मग मी त्या दिवशी निमित्तमात्रच नव्हतो का? मी तर काहीच केलं नाही."

पाहा, आपल्याच घरातला दिवा घेऊन कोणी आपल्याच गंजीला आग लावावी, तसे हे झाले. शब्द तेच. मी कर्ता नाही. संतांनी म्हटले, आणि शिक्का मारणाराही म्हणतो. मग फरक कोठे?

मला वाटते तो दामाजीपंतांपाशी सापडतो. मंगळवेढ्यास दुष्काळ पडला. बिदरच्या बादशहाचे धान्य कोठारांत भरलेले आणि ते सांभाळणारे दामाजीपंत. हिशेब काय सांगत होता? धान्य सरकारी आहे, हुकमाशिवाय एक पायली बाहेर जाता कामा नये. हिशेबात काही चूक नव्हती. पंतांनीही तो चुकीचा आहे असे म्हटले नाही, किंवा रात्री गुपचूप खाडाखोड केली नाही. दारात मरणारी माणसे पाहिली आणि कोठारे उघडली. पुढे बादशहाचे शिपाई आले तेव्हा पंत काय म्हणाले असते, तर "मला विठोबाने सांगितले, त्याला धरा" असे म्हणता आले असते! त्यांनी तसे म्हटले नाही. मी उघडली, म्हणून शिक्षेला मी पात्र, असे मानून ते निघाले. मग विठू महार होऊन देवाने रक्कम भरली आणि पावती घेतली, तेव्हा मात्र पंतांनी त्यातले कणभरही श्रेय स्वतःकडे ठेवले नाही.

आता दोन्ही शेजारी ठेवून पाहा. भक्त कर्तेपण सोडतो म्हणजे फळ सोडतो, वाहवा सोडतो. काम आणि कामाचा दोष तो स्वतःच्या माथी ठेवतो. शिक्का मारणाराही कर्तेपण सोडतो, पण कोणते? थकबाकी कमी झाली म्हणून वार्षिक सभेत शाल-नारळ मिळाला तर तो घ्यायला माणूस पुढे. बाई रिकाम्या हाती परतली तर "मशीन नाही म्हणतंय." तेथे श्रेय आपले आणि दोष यंत्राचा. वाक्य संतांचे, व्यवहार उलटा. ह्याला अकर्तेपण म्हणत नाहीत, ह्याला आपल्या गावठी भाषेत अंग काढून घेणे म्हणतात. आणि दुसरे असे की, कर्तेपण अर्पण करायचे ते अंतःकरण जाणणाऱ्याला. यंत्राला अर्पण करून काय होणार? ते ना रागावत, ना क्षमा करीत, ना कोणाचे देणे भरायला महाराचा वेष घेऊन धावत.

असे केवळ आमच्या तालुक्यात घडते म्हणावे तर तेही नाही. युरोपात नेदरलँड्स नावाचा सुधारलेला, शिस्तीचा देश आहे. तेथे कामावर जाणाऱ्या आईबापांना मुलांच्या संगोपनासाठी सरकार भत्ता देते. लबाडी करून भत्ता कोण उचलतो हे हुडकण्यासाठी करखात्याने संशयाचे गुण देणारी यंत्रप्रणाली लावली. त्या देशाचे नागरिकत्व नसणे हेदेखील त्या गुणांत धरले जात होते. ज्याचे गुण जास्त, त्याचे प्रकरण तपासणीसाच्या टेबलावर जाई. टेबलावर माणूस होता, हे विसरू नका. पण ह्या माणसावर संशय का, हे यंत्र त्याला सांगत नसे, फक्त संशय आहे एवढे सांगे. मग तपासणीस संशय घेऊनच कागद पाहू लागला. एखादी सही राहिली, एखादा कागद कमी पडला, की तो लबाड ठरला, आणि सगळा भत्ता परत भर असा हुकूम निघाला. हजारो कुटुंबे कर्जात बुडाली, कित्येकांचे संसार मोडले. हे वर्षानुवर्षे चालले. शेवटी चौकशी झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये तेथील सबंध मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. ह्यात अमका एक राक्षस होता असे दाखवता येत नाही. प्रत्येकाने थोडेथोडे अंग काढून घेतले, आणि त्या मोकळ्या जागेत एवढा मोठा अन्याय मावला.

कॅनडातील एक खटला तर ऐकताना कीर्तनातला आख्यानाचा भाग वाटावा. आजी वारली म्हणून नातू विमानाने निघाला. एअर कॅनडा ह्या कंपनीच्या संकेतस्थळावरील बोलक्या यंत्राने त्याला सांगितले की, दुखवट्याची सवलत प्रवासानंतरही मागता येते. त्याने मागितली, कंपनीने नाकारली. प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेले तेव्हा कंपनीची बाजू काय, तर आमचे बोलके यंत्र हे आपल्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे! फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने ते मानले नाही आणि कंपनीला पैसे द्यायला लावले. आमचा टाळकरी जे एका वाक्यात म्हणाला, तेच एवढ्या मोठ्या कंपनीने न्यायाधिकरणापुढे म्हटले. मनुष्यस्वभाव सातासमुद्रापार गेला तरी बदलत नाही, हे खरे.

मग यंत्र फेकून द्यावे काय? मी तसे म्हणणार नाही. बारामतीस तुकोबांची पालखी मुक्कामाला असते. तेथील अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसाच्या शेतीत ह्याच बुद्धिमत्तेचा प्रयोग चालवला आहे. जमिनीत ओल मोजणारी उपकरणे, हवामान टिपणारे केंद्र, उपग्रहाची चित्रे, ह्या साऱ्यांवरून यंत्र शेतकऱ्याच्या फोनवर सांगते की आज पाणी दे, आज देऊ नको, खत इतकेच पुरे. पाणी वाचत असेल, खत वाचत असेल, तर त्यात वाईट काय? सावता महाराज असते तर त्यांनीही कुतूहलाने पाहिले असते असे मला वाटते. पण तेथील आणि पतसंस्थेतील प्रकार सारखा नाही. शेतकरी फोन पाहतो, मग बांधावर जातो, माती मुठीत दाबून पाहतो. यंत्र चुकले तर ऊस त्याचा वाळणार आहे. म्हणून तो सल्ला ऐकतो, पण त्याच्यापुढे मान टाकत नाही. पतसंस्थेत यंत्र चुकले तर कर्मचाऱ्याचे काहीच वाळत नाही. वाळते ते वाडीवरच्या बाईचे. चुकीचे फळ ज्याचे त्याला भोगावे लागते तेथे माणूस आपोआप जागा राहतो. दुसऱ्याला भोगावे लागते तेथेच त्याला झोप येते, आणि नेमके तेथेच हे यंत्र सर्वांत आधी जाऊन बसते आहे. नोकरीला कोणाला घ्यावे, कर्ज कोणाला द्यावे, संशय कोणावर घ्यावा, ही सारी दुसऱ्याच्या आयुष्याची कामे.

आता पुष्कळ लोक विचारतात की ह्या यंत्रामुळे नोकऱ्या जाणार का. काहींच्या जातील. ज्याची जाईल त्याला वेदान्त सांगू नये, त्याच्या घरी दाणे आहेत का ते पाहावे. पण आमच्या टाळकऱ्याची नोकरी गेलेली नाही. पगार पूर्वीइतकाच आहे. गेले ते काम. पूर्वी त्यांच्या पतसंस्थेचे जुने सचिव अर्जदाराच्या घरी जात, गोठा पाहत, शेजारी चार शब्द बोलत, चहा घेत आणि मग ठरवीत. त्यांच्याही चुका झाल्या, ओळखीच्या माणसाला झुकते मापही मिळाले, ते मी लपवीत नाही. यंत्र आणण्यामागे ती तक्रारही होती. पण त्या हिंडण्यात माणूस पारखण्याची एक तालीम होत असे. ह्या मुलाला ती मिळालीच नाही. तो म्हणतो, "महाराज, पिवळी खूण आली की मला घाम फुटतो. काय बघायचं असतं तेच कळत नाही."

एकनाथ महाराज देवगिरीस जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना एका पैची चूक शोधीत रात्रभर हिशेबाच्या वह्या घेऊन बसले. चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैसाठी एवढा आनंद, हेच चित्त भगवंताकडे लागले तर! आज यंत्र ती पै डोळ्याचे पाते लवायच्या आत काढून देईल. पै सापडेल, ह्यात शंका नाही. पण स्वामींना पै नको होती. ती पै शोधताना जे चित्त तयार झाले होते, ते त्यांच्या नजरेत भरले. साऱ्या पया यंत्राने शोधाव्या की काही आपण शोधाव्या, हे प्रत्येकाने आपल्या कामापुरते पाहावे. मला सरसकट नियम करता येत नाही.

आपल्या कीर्तनकार मंडळींनाही थोडे ऐकवतो, रागावू नये. मध्यंतरी एका तरुण बुवांनी सप्ताहात एक अभंग निरूपणाला घेतला. शेवटी तुकोबांची मुद्रा होती. ऐकताना माझे कान टवकारले, कारण दुसऱ्या चरणात "सकारात्मक" असा शब्द आला. आता देहूच्या वाण्याच्या तोंडी हा शब्द कोठून येणार? घरी येऊन गाथेची सूची पाहिली, मिळेना. विचारल्यावर बुवांनी प्रांजळपणे सांगितले की फोनमधल्या यंत्राकडे मागितला, त्याने दिला. यंत्राने खोटेपणा केला असे मी म्हणत नाही. तुकोबांच्या अभंगात मुद्रा येते एवढे त्याला माहीत, म्हणून त्याने मुद्रा बसवली. पण दोनशे माणसांनी त्या अभंगाला हात जोडले, ते बुवांच्या भरवशावर. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांचे असेच झाले. यंत्राने कधीच न झालेले खटले दाखले म्हणून दिले, ते वकिलांनी न्यायालयात सादर केले. त्यांपैकी एकाने यंत्रालाच विचारले होते, हे खटले खरे ना? यंत्र म्हणाले, खरे. न्यायाधीशांनी दंड केला पाच हजार डॉलर, आणि तो यंत्राला नव्हे, वकिलांना. त्या न्यायाधीशांनी आपला कोणताही ग्रंथ वाचला नसेल, पण दोष कोणाच्या माथी ठेवायचा हे त्यांना नेमके कळले. गाथा उघडून पाहायला किती वेळ लागतो? आमच्या बुवांनी पुढच्या दिवशी त्याच व्यासपीठावरून चूक सांगितली आणि माफी मागितली, हे त्यांना शोभले. त्या दिवशीचे त्यांचे कीर्तन आदल्या दिवसापेक्षा चांगले झाले, असे माझे मत आहे.

परवा शुद्ध एकादशीला टाळकरी पुन्हा आला. मी वर लिहिले आहे ते त्याला थोडक्यात सांगितले. म्हटले, पाप यंत्राला लागत नाही बाबा, तुला लागते, संचालकांना लागते. वाटून घेतले म्हणून ते कमी होत नाही. तो म्हणाला, "माहीत होतं मला. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं." मग खिशातून घडी केलेला कागद काढला. मधल्या दिवसांत तो त्या वाडीवर जाऊन आला होता. कांडपाला जागा कोठे, वीज आहे का, आसपासच्या गावांत दुसरी गिरणी किती लांब, बचत गटाच्या वहीत बाईचे हप्ते कसे, सारे त्याने पाहून लिहिले होते. खाली लिहिले होते की, संगणकाने ह्या अर्जास नकार दिला असला तरी माझ्या मते कर्ज द्यावे, आणि हे मत माझे आहे. त्याखाली सही.

संचालकांची बैठक येत्या शनिवारी आहे. काहींना हे आवडणार नाही, असे त्याला वाटते. बदली करतील फार तर, म्हणाला. मी विचारले, बाईला सांगितलेस का काही? म्हणाला, "जाताना तिनं विचारलं होतं ना, तू काय म्हणतोस. तेवढं सांगून आलो."